फुलानी गुराख्यांची जंत-गोचिडांवरची औषधे: कशाचा गुण येतो आणि कशाचा येत नाही

प्रश्न असा आहे: पश्चिम आफ्रिकेतले फुलानी गुराखी गुरांच्या जंतांवर आणि गोचिडांवर कोणता झाडपाला वापरतात, त्याचा खरोखर गुण येतो का, आणि त्यातले काही आपल्याकडच्या जनावरांना देता येईल का?

आधी थोडक्यात सांगतो. दोन-तीन सालींचा गुण येतो, पण मोजक्याच जंतांवर, आणि मात्रा भरपूर असेल तरच. यकृतातल्या चपट्या कृमींवर आणि रक्तातल्या परजीवींवर त्यांच्या काढ्यांनी जनावर बरे होत नाही. काही पाककृती तर सरळ विषारी आहेत. आणि फुलानींची गुरे जंतांतून तगतात त्यात काढ्यापेक्षा त्यांच्या भटकंतीचा वाटा मोठा आहे. म्हणून फक्त झाडांची यादी उचलून आणली तर हाती फारसे काही लागत नाही.

नावांचा घोळ आधी मिटवू. सेनेगलपासून कॅमेरूनपर्यंत पसरलेल्या या लोकांची भाषा एकच असली तरी तिला नायजेरियात फुलफुल्दे, सेनेगलमध्ये पुलार म्हणतात, आणि झाडांची नावे प्रदेशागणिक बदलतात. 'लेक्की' या त्यांच्या शब्दाचा अर्थ झाड असाही होतो आणि औषध असाही. उत्तर नायजेरियाच्या बाजारात मात्र व्यवहार हौसा भाषेत चालतो, म्हणून साल विकत घेताना हौसा नाव माहीत असावे लागते. खाली जमेल तिथे दोन्ही नावे दिली आहेत.

भटकंती हेच पहिले औषध

शेळ्या-मेंढ्यांचा सर्वांत मोठा शत्रू हीमोंकस. हा जंत जठरात बसून रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो, म्हणजे हजार जंत असले तर रोज ५० मिली. मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. ओल आणि उबारा असेल तर लेंडीतल्या अंड्यांपासून आठवडाभरात पोटात जाण्याजोग्या अळ्या तयार होतात आणि दवाच्या ओलीवरून गवताच्या पात्यावर चढतात. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर त्या फार टिकत नाहीत.

आता फुलानींचे वर्ष पाहा. पाऊस सुरू झाला की कळप उत्तरेला, साहेलच्या म्हणजे सहारा वाळवंटालगतच्या पट्ट्यातल्या कोरड्या कुरणांकडे जातात. पाऊस संपून पाणवठे आटले की दक्षिणेकडे, नदीकाठांकडे उतरतात. जंतांना आणि रक्त पिऊन रोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीला सर्वांत अनुकूल अशा महिन्यांत गुरे त्यांच्या पट्ट्याबाहेर असतात. आपल्याकडचे धनगरही पावसाळा पठाराच्या कोरड्या पूर्व भागात काढतात आणि पावसानंतर कोकणात उतरतात. हिशेब तोच, दिशा वेगळी.

याच हिशेबात दोन सवयी बसतात. पावसाळ्यात दव वाळल्याशिवाय गुरे चरायला सोडायची नाहीत असे अनेक गुराखी पाळतात. आणि वस्ती एका जागी फार दिवस ठेवायची नाही, कारण गोठणीची जमीन शेणाने भरली की वासरे तिथेच मुखाने अंडी-अळ्या उचलतात. नायजेरियात कायम वस्ती करून राहिलेल्या फुलानींच्या कळपांना जंतांचा त्रास वाढला तर नवल नाही. झाड तेच राहते, काढाही तोच, फक्त चालणे थांबलेले असते.

मिठाचाही भाग आहे. नायजरमध्ये इन-गाल परिसरात पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरच्या सुमारास, वोदाबे या शाखेचे फुलानी आणि तुआरेग हे वाळवंटातले पशुपालक आपले कळप खारट जमिनीवर आणि खाऱ्या झऱ्यांवर आणतात. फ्रेंचमध्ये याला 'क्यूर साले' म्हणतात. गुराख्यांचे म्हणणे असे की त्याने गुरांचे पोट साफ होते आणि जंत पडतात. खारट पाण्याने ढाळ होतात हे खरे. जंत मरतात असे मात्र मला पटत नाही. कळपाची तब्येत सुधारते ती मिठाची उणीव भरून निघाल्याने, भूक वाढल्याने आणि चांगला चारा मिळाल्याने. भरल्या पोटाचे जनावर जंतांचा तोच भार पुष्कळ सहज सोसते, आणि हा लाभ काही लहान नाही.

सालीचा काढा: खाया

काढ्यांमध्ये पहिला मान खाया सेनेगालेन्सिस या झाडाचा. हौसात 'मदाची', फुलफुल्देत 'दालेही'. आपल्या कडुनिंबाच्याच कुळातला हा वृक्ष. सालीची कडवट चव लिमोनॉइड गटाच्या द्रव्यांमुळे येते. महाराष्ट्रात 'महोगनी' म्हणून जी रोपे विकली जातात त्यांत खायाही असते आणि अमेरिकेकडची स्विटेनियाही. दोन्ही झाडे वेगळी आहेत. खाली जे लिहिले आहे ते फक्त खायाचे.

कृती साधारण अशी. खोडावरची खरखरीत, मेलेली बाहेरची साल खरवडून टाकायची. आतली लालसर साल घ्यायची, सावलीत वाळवायची आणि उखळात भरड कुटायची. भोपळ्याच्या वाडग्यात किंवा मडक्यात पाणी घालून रात्रभर भिजवायची, त्यात 'कनवा' म्हणजे खाणीतून येणाऱ्या नैसर्गिक खाराचा खडा टाकायचा, सकाळी गाळून बाटलीने पाजायची. कनवा आपल्या पापडखाराच्या जातीचा, मुख्यतः सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. तो टाकण्यामागे दोन कारणे शास्त्राला धरून दिसतात. क्षारयुक्त पाण्यात सालीतली टॅनिनसारखी तुरट द्रव्ये जास्त उतरतात. शिवाय लहान वासरांत सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने अन्ननलिकेची पन्हळ मिटते आणि औषध मोठ्या पोटात न पडता थेट चौथ्या पोटात पोचू शकते. मोठ्या गाईत ही पन्हळ तशी भरवशाने मिटत नाही, म्हणून तिथे हा दुसरा फायदा धरू नये.

मात्रा हा खरा कळीचा प्रश्न. वाडगे, मूठ आणि बाटली ही त्यांची मापे. मूठ कोणाची आणि साल किती जुनी यावर सगळे अवलंबून. नायजेरियात इबादानच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मेंढ्यांना अल्कोहोलमध्ये काढलेला खायाच्या सालीचा अर्क किलो वजनामागे ५०० मिलिग्रॅम दिला, तेव्हा लेंडीतली अंडी सुमारे ८९ टक्क्यांनी घटली. आता हिशेब करा. २५ किलोच्या मेंढीला साडेबारा ग्रॅम कोरडा अर्क लागला. वाळलेल्या सालीच्या दहाव्या हिश्शाइतका अर्क निघतो असे धरले तर एका मेंढीच्या एका वेळेला सव्वाशे ग्रॅम साल झाली. अडीचशे किलोच्या गाईला सव्वा किलो! चिमूटभर पूड गुळात घालून दिल्याने जंत का पडत नाहीत, त्याचे उत्तर या आकड्यात आहे. साध्या पाण्यात अर्क किती उतरतो हे वेगळेच. चांगल्या रासायनिक जंतनाशकाने अंडी ९५ टक्क्यांहून जास्त घटावीत अशी अपेक्षा असते. ८९ टक्के म्हणजे भार हलका झाला, कळप निर्जंत झाला नाही. कुरणात पुन्हा अंडी पडणारच.

याच कारणाने अनुभवी गुराखी हा काढा अख्ख्या कळपाला देत नाहीत. खंगलेली वासरे, मेंढ्या-शेळ्या, जबड्याखाली पाणी उतरलेले जनावर, एवढ्यांनाच देतात. हा निवाडा आधुनिक पशुवैद्यकाशी जुळतो. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला 'फामाचा' (FAMACHA) नावाचा तक्ता हेच करतो: खालच्या पापणीच्या आतला रंग पाच पायऱ्यांत पाहायचा, लालभडक ते पांढरा फटक, आणि फिकट असलेल्यांनाच औषध द्यायचे. बाकीच्यांच्या पोटात औषध न पाहिलेले जंत शिल्लक राहतात, त्यामुळे औषधाला न जुमानणाऱ्या जंतांची पैदास लवकर वाढत नाही.

चुका कुठे होतात ते सांगतो. सालीचे झाड चुकते. वाळलेली पूड बाजारात घेतली तर ओळखायला काही उरत नाही, म्हणून अख्खी साल घ्यावी. साल उन्हात वाळवली किंवा ओली राहून बुरशी धरली तर टाकून द्यावी. काढा सलग आठवडाभर पाजला जातो. उंदरांवरच्या प्रयोगांत जास्त दिवस दिलेल्या या सालीच्या अर्काने मूत्रपिंडावर परिणाम दिसले आहेत, तेव्हा एक-दोन दिवसांत थांबावे. गाभण जनावराला देऊ नये. आणि सर्वांत जास्त जनावरे औषधाने नव्हे, पाजण्याच्या पद्धतीने दगावतात. डोके वर ओढून, जीभ धरून बाटली उपडी केली की काढा श्वासनलिकेत जातो. तीन-चार दिवसांनी ताप, धाप, फुफ्फुसाची सूज. तोंड डोळ्याच्या पातळीपेक्षा वर न्यायचे नाही, बाटलीचे तोंड ओठाच्या कोपऱ्यातून गालात घालायचे, घोट घोट पाजायचे, आणि खोकला आला की लगेच डोके सोडायचे.

झाडाचीही बाजू आहे. बेनिनमध्ये फुलानी गुराखी खायाच्या फांद्या कोरड्या हंगामात चाऱ्यासाठी छाटतात आणि साल औषधासाठी काढतात. दोन्ही ओझी एकाच झाडावर पडतात. खोडाभोवती कड्यासारखी साल काढली की अन्नरस खाली मुळांकडे जाणे थांबते आणि झाड वाळते. काढायचीच तर उभी, हातभर लांब, अरुंद पट्टी, एकाच बाजूची, आणि जखम भरेपर्यंत त्या झाडाला पुन्हा हात नाही.

धावड्याचा भाऊ

'कोजोली', हौसात 'मार्के', शास्त्रीय नाव आनोगायसस लेयोकार्पस. आपल्या धावड्याचा हा जवळचा नातेवाईक. साल आणि पाने दोन्ही वापरतात. यात टॅनिन भरपूर. प्रयोगशाळेत त्याच्या अर्काने हीमोंकसच्या अंड्यांतून अळ्या बाहेर येणे आणि अळ्यांची हालचाल, दोन्ही मंदावतात. जनावराच्या पोटात गोष्ट तितकी सरळ नसते, कारण मोठ्या पोटात टॅनिन चाऱ्यातल्या प्रथिनांनाही चिकटते. पाला थोडा थोडा, रोजच्या चाऱ्यात मिसळून दिला तर फायदा. एकदम भारा टाकला तर जनावर चारा सोडते आणि शेण घट्ट होते. आपल्या धावड्यात तोच गुण तेवढाच असेल असे गृहीत धरून मात्रा ठरवू नये. नाते जवळचे असले तरी द्रव्यांचे प्रमाण वेगळे असू शकते.

वासरांच्या मोठ्या गोल जंतांसाठी, म्हणजे टॉक्सोकारा विटुलोरमसाठी, कडू सालीचा काढा जागोजागी देतात. हा जंत आईच्या चिकातून आणि दुधातून वासरात येतो, म्हणून गोठा कितीही स्वच्छ ठेवला तरी वासराला होतोच. काढा सहसा वासरू खंगल्यावर, महिना-दीड महिन्याचे झाल्यावर दिला जातो, आणि तोवर उशीर झालेला असतो. दहाव्या ते सोळाव्या दिवसांच्या दरम्यान पायरँटेलचा एक डोस दिला तर जंत अंडी घालायच्या आतच पडतात. एवढ्या लहान वासराला साल पाजण्याचा आग्रह कशाला? हे औषध स्वस्त आहे आणि या जंतावर चालते.

गोचीड: निंबोळी चालते, तंबाखूपासून लांब राहा

पश्चिम आफ्रिकेत पावसाळ्यातली मुख्य गोचीड आम्ब्लियोमा वॅरिएगाटम, रंगीत पाठीची, लांब सोंडेची. ती कास, जांघ आणि खुरांच्या बेचक्यात बसते. फुलानी घरांत बायका-मुले संध्याकाळी हाताने गोचीड काढतात आणि विस्तवात टाकतात. पद्धत चांगली आहे, दोन अटींवर. कातड्यालगत धरून सरळ ओढायची. पिळून काढली तर सोंड आत राहते, गळू होते, कासेचे सड बंद पडतात. आणि बोटांत चिरडायची नाही, कारण क्रिमियन-काँगो ताप गोचिडाच्या रसातून माणसाला होऊ शकतो.

दुसरी गोचीड आपल्या ओळखीची आहे. रिपिसेफॅलस मायक्रोप्लस, मूळची आशियातली, ब्राझीलहून आणलेल्या गिरोलांडो या संकरित दुधाळ गाईंबरोबर बेनिनमध्ये उतरली आणि पुढे बुर्किना फासो, माली, नायजेरियाकडे पसरली. ही एकाच जनावरावर अळीपासून मादीपर्यंत साधारण २१ दिवसांत वाढते. रासायनिक औषधांना ती चटकन दाद देईनाशी होते, म्हणून झाडपाल्याकडे गुराखी पुन्हा वळतात.

इथे कडुनिंब कामाला येतो. तो फुलानींचा जुना वृक्ष नव्हे. भारतातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घानात आणि १९२८ च्या सुमारास नायजेरियात गेला. हौसात त्याला 'डोगोन यारो', म्हणजे उंच पोरगा, म्हणतात. निंबोळीचे तेल शिया लोण्यात (तिकडच्या शिया झाडाच्या बियांतली चरबी) किंवा शेंगदाणा तेलात कालवून कानात, शेपटीखाली, कासेभोवती चोळतात. आपला ५ टक्के निंबोळी अर्कही चालतो: अर्धा किलो निंबोळीगर कुटून रात्रभर पाण्यात भिजवायचा, फडक्यातून गाळून दहा लिटर करायचा, चमचाभर साबणाचा चुरा घालायचा. संध्याकाळी फवारायचा, कारण यातले आझाडिरॅक्टिन उन्हात लवकर नासते. टम्म फुगलेली मादी याने लगेच गळून पडत नाही. अळ्या आणि लहान गोचिडांचे कात टाकणे बिघडते. म्हणून दर आठवड्याला, निदान तीन वेळा, म्हणजे २१ दिवसांचे चक्र पुरे होईपर्यंत. एकदा मारून सोडून दिले की लोक म्हणतात निंबाचा उपयोग नाही. पोटातल्या जंतांवर मात्र निंबाच्या पाल्याचा खरोखरच फारसा उपयोग नाही. वाळलेला पाला खाऊ घातलेल्या मेंढ्यांत अंडी घटली नाहीत असे चाचणीत दिसले आहे.

तंबाखूचे पाणी उवा-गोचिडांवर सगळीकडे लावतात आणि त्यात कनवा टाकतात. चुना लावलेला तंबाखू जास्त 'लागतो' हे आपल्याला सांगायला नको. कारण तेच: क्षाराने निकोटिन मोकळे होते आणि कातडीतून झपाट्याने आत जाते. गोचीड मरते, पण वासरूही लाळ गाळू लागते, थरथरते, झोकांड्या खाते आणि काही तासांत मरू शकते. असे दिसले तर लगेच साबण-पाण्याने सर्व अंग धुऊन काढावे आणि पशुवैद्याला बोलवावे. जखमेवर, वासरांवर आणि अख्ख्या अंगाला तंबाखू कधीच लावू नये.

अजिबात वापरू नये असे

आडेनियम, जे आपल्याकडे कुंडीत गुलाबी फुलांसाठी ठेवतात, त्याचा चीक आणि साल साहेलमध्ये उवांवर लावतात. त्यात हृदयावर काम करणारे विष आहे. अंग चाटले तरी धोका. रुईचा चीक मेंढ्यांना पाजून जंत घटल्याच्या चाचण्या आहेत, पण त्या किलोमागे ०.०१ ते ०.०२ मिली इतक्या बारीक मात्रेच्या. २५ किलोच्या मेंढीला पाव ते अर्धा मिली! गोठ्यात हे मोजणार कसे? 'आलाली', हौसात 'उवर मागुंगुना' म्हणजे औषधांची आई, या सेक्युरिडाका झाडाची मुळी फुलानी वैद्य अनेक रोगांवर देतात. ओली मुळी खरवडली की दुखऱ्या सांध्यावर चोळायच्या मलमासारखा वास येतो, मिथाइल सॅलिसिलेटचा. ती धान्यातल्या किडींपुरती ठेवावी, पाजू नये.

जिथे काढा थांबतो

यकृतातल्या चपट्या कृमी, फॅसिओला जायगँटिका, फुलानींच्या गुरांना कोरड्या हंगामात लागतात, कारण तेव्हाच कळप चाड सरोवराच्या काठी, नायजर नदीच्या आतल्या त्रिभुज प्रदेशात किंवा नदीकाठच्या 'फदामा' जमिनीत चरतात, आणि गोगलगायी तिथेच असतात. कुठल्याही सालीने यकृतातली कृमी मरते असा भरवसा नाही. तिथे ट्रायक्लाबेंडाझोल लागते. हिंगणबेट, तिकडचा 'तान्नी' किंवा 'अदुवा', याच्या फळातल्या सॅपोनिन या साबणासारख्या फेसाळ द्रव्याने पाण्यातल्या गोगलगायी मरतात, आणि १९३३ मध्ये सुदानमध्ये ही झाडे पाणवठ्यांकाठी लावावीत असे सुचवलेही गेले होते. पण त्याच पाण्यातले मासेही मरतात, म्हणून सार्वजनिक तळ्यात ते टाकू नये.

'सम्मोरे' म्हणजे त्सेत्से माशीने पसरणाऱ्या ट्रिपॅनोसोमा या रक्तातल्या परजीवीचा रोग. खंगणे, फिकट पापण्या, खरबरीत केस, लक्षणे जंतांसारखीच. गुराखी खायाचा काढा देत दोन आठवडे घालवतो आणि गाय जाते. जंत असतील तर सहसा शेण पातळ असते आणि जबड्याखाली पाणी दिसते. सम्मोरेत ताप चढत-उतरत राहतो आणि खांद्यापुढची, जांघेतली गाठ मोठी लागते. शंका आली तर रक्ताची काच तपासावी. इलाज डायमिनाझिन किंवा आयसोमेटामिडियम. आपल्याकडचा सर्रा याच वंशातल्या परजीवीचा.

गोठणीत मधोमध रात्री पेटवलेली 'दुदाल' ही धुनी डासांना आणि तिन्हीसांजेच्या चावऱ्या माश्यांना चांगली रोखते. त्सेत्से दिवसा चावते, तेव्हा तिच्यासाठी धुनीचा भरवसा धरू नये.

आपल्याकडे यातले काही करून पाहायचेच असेल तर निंबोळीपासून सुरू करावे. खायाची साल द्यायची असेल तर मेंढ्या-शेळ्यांतच, आधी दोन-तीन जनावरांवर. आणि औषधापूर्वीची लेंडी व दहा ते चौदा दिवसांनंतरची लेंडी, दोन्ही तपासून अंड्यांचा आकडा ताडून पाहावा. नुसते 'जनावर ताजेतवाने वाटते' यावर जाऊ नये, कारण त्याच दिवसांत चारा बदललेला असतो. कडू सालीचा काढा दुभत्या जनावराला दिला तर दुधाला कडवटपणा येऊ शकतो, आणि किती दिवस दूध टाकावे याचे ठरलेले प्रमाण नाही. तेव्हा दुभती जनावरे यातून वगळावीत.